धागा: गाडगीळांची गणती आणि प्रवरेचा काठ

१/
प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष कोण, असे विचारले तर बहुतेक जण विठ्ठलराव विखे पाटील यांचे नाव घेतील. कारखाना उभा राहिला तो त्यांच्या चिकाटीमुळे, तेव्हा हे उत्तर स्वाभाविक आहे. पण ते बरोबर नाही. अध्यक्षपद होते धनंजयराव गाडगीळ यांच्याकडे, म्हणजे पुण्याच्या गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेच्या संचालकांकडे. विठ्ठलराव उपाध्यक्ष होते.

२/
केंब्रिजमध्ये शिकलेला एक अर्थशास्त्रज्ञ तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील लोणीच्या शेतकऱ्यांपर्यंत पोचला कसा, आणि एकदा पोचल्यावर पहिल्या दशकभर तिथे टिकला कसा, हा आजच्या धाग्याचा विषय. त्या निमित्ताने एक मतही मांडायचे आहे. गाडगीळांचा कारखाना महाराष्ट्राने उचलला आणि गावोगाव नेला. त्यांची चौकशी करण्याची रीत मात्र पुण्यातच राहिली. त्याची किंमत कोण मोजतो, ते पुढे येईलच.

३/
थोडी पार्श्वभूमी. गाडगीळांचा जन्म १९०१चा, नाशिकचा, बालपण नागपुरात. केंब्रिजसाठी लिहिलेला त्यांचा प्रबंध १९२४ साली भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीवरील ग्रंथ म्हणून प्रसिद्ध झाला आणि पुढे कित्येक पिढ्या अभ्यासक्रमात राहिला. काही वर्षे ते सुरतेच्या महाविद्यालयात प्राचार्य होते. १९३० साली रावबहादुर काळे यांच्या देणगीतून भारत सेवक समाजाने गोखले संस्था स्थापन केली आणि तिची सूत्रे गाडगीळांकडे आली. ती १९६६पर्यंत त्यांच्याकडेच होती.

४/
एवढा मोठा ग्रंथ नावावर असलेला माणूस नव्या संस्थेत पहिल्यांदा काय हाती घेतो? पुण्याच्या बाजारातील फळांची विक्री. त्यावरील पाहणी १९३३ साली प्रसिद्ध झाली. मग १९३५मध्ये मुंबई इलाख्यातील सहा जिल्ह्यांच्या मोटार-बस वाहतुकीची पाहणी. पुढे १९४०मध्ये वाई तालुक्यातील शेतीव्यवसायाची पाहणी. चलन, विनिमयदर, आयात-जकात असे भारदस्त विषय त्या काळी गाजत होते, आणि गोखले संस्थेची माणसे फळांच्या करंड्या आणि बसगाड्या मोजत होती.

५/
या तीन विषयांत वरवर पाहता काही नाते दिसत नाही. माझ्या वाचनाप्रमाणे त्यांच्या मुळाशी एकच कुतूहल आहे: गावातला माणूस कोणाशी व्यवहार करतो, आणि त्या व्यवहारात त्याच्यापुढे दुसरा पर्याय असतो का? बागेतले फळ शहरातल्या ताटात पडेपर्यंत किती हातांतून जाते? त्यांपैकी कोणता हात आधी पैसे देऊन बसलेला असतो? कोणाला भाव ठाऊक असतो आणि कोणाला तो दोन दिवसांनी कळतो? उत्पादनाचे आकडे सरकारी अहवालांत मिळत. या प्रश्नांची उत्तरे मिळवायची तर पेठेत आणि बांधावर जाऊन विचारावे लागे.

६/
मोटार-बसचेच पाहा. १९३०च्या दशकात ग्रामीण रस्त्यांवर धावणाऱ्या गाड्या खाजगी मालकांच्या होत्या. एसटीची पहिली गाडी पुणे-नगर मार्गावर धावली ती १ जून १९४८ला. बस ज्या दिशेने जाते, त्या दिशेला गावाचा बाजार सरकतो. पिढ्यानपिढ्या एका आठवडी बाजाराशी बांधलेले गाव वेगळ्या पेठेशी जोडले जाते. जुना दुकानदार बसतो, नवा उठतो. व्यापाराचा भूगोल असा चाकांवर फिरत असतो, हे ज्याला दिसले त्याला बसगाड्या मोजणे क्षुल्लक वाटणार नाही.

७/
आता थोडे मागे जाऊ. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध दंगा उसळला आणि पुणे-नगर भागात पसरला. दंगेखोरांचा रोख होता तो खतांवर, रोख्यांवर, कागदांवर. ही निवड अजाणतेपणाने झालेली नव्हती. सावकार, त्याला भांडवल पुरवणारा मोठा पेढीवाला, कोर्ट आणि रयत यांना बांधणारे जे काही होते, ते त्या कागदांत होते.

८/
सरकारने आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी कायदा केला. कागदाचे बळ त्याने काहीसे कमी केले. पण पेरणीला पैसा कोण देणार, माल कोण विकत घेणार, अडल्या वेळी दार कोणाचे ठोठावायचे, याचे उत्तर कायद्यात नव्हते. सावकार अप्रिय होता, पण तो जागेवर होता. त्याच्या जागी कोणीच नव्हते.

९/
या प्रश्नाची दुसरी बाजू व्यापारी समाजांची. दख्खनच्या गावांत आणि पेठांत व्यापार व सावकारी करणाऱ्यांत मारवाडी आणि गुजराती घराण्यांचा भरणा मोठा होता. त्यांचे बळ त्यांच्या भांडवलाइतकेच त्यांच्या आपसांतील विश्वासात होते: दूरच्या शहरात वटणारी हुंडी, मुनीम म्हणून आलेला भाचा, पहिल्या दुकानासाठी उसना मिळालेला माल. शेतकरी जातींकडे माणसे होती, जमीन होती, सोयरीकही दूरवर पसरलेली होती. त्या सोयरीकीवर हुंडी मात्र वटत नसे.

१०/
गाडगीळ या विषयाकडे पुनःपुन्हा वळले. भारतातील आधुनिक व्यापारी वर्गाच्या उगमावर त्यांनी १९५९ साली एक पुस्तक प्रसिद्ध केले आणि त्याला उपशीर्षक दिले ‘अंतरिम अहवाल’. साठीच्या उंबरठ्यावरचा, देशभर मान्यता पावलेला विद्वान स्वतःच्या पुस्तकाला अंतरिम म्हणतो, हे मला फार आवडते. प्रश्न अजून संपलेला नाही, अशी ती कबुली आहे.

११/
आता कालव्यांकडे. नीरा डावा कालवा १८८५चा. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत गोदावरी आणि प्रवरा कालवे आले, आणि १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले. हेतू होता दुष्काळापासून संरक्षण, म्हणजे ज्वारी-बाजरीला चार पाळ्या पाणी. चांगल्या पावसाच्या वर्षी कोरडवाहू शेतकरी कालव्याचे पाणी विकत घेईना, आणि पाणीपट्टी तर वसूल व्हायला हवी. मग पाणी गेले उसाकडे.

१२/
उसाचा गूळ होई. गुऱ्हाळ स्वतःच्या शेतात, चुलवणावर कढई, ढेपा बांधून गाडीत. इथपर्यंत शेतकरी स्वतंत्र. पण ऊस वर्ष-दीड वर्ष रानात उभा राहतो. खत, पेंड, पाणीपट्टी, मजुरी यांचा खर्च आधी आणि पैसा शेवटी. हा मधला काळ भरून काढी तो गुळाचा अडत्या. तो उचल देई, आणि उचल घेतलेला गूळ त्याच्याच दुकानी न्यावा लागे. तिथे अडत, तोलाई, हमाली, धर्मादाय अशा कपाती. शिवाय भाव ठरे तो पुष्कळ बाजारांत रुमालाखाली, बोटांच्या खुणांनी. ज्याचा माल त्यालाच भाव दिसत नसे.

१३/
१९३०च्या मंदीत गुळाचा भाव कोसळला. त्याच सुमारास, १९३२ साली, साखर उद्योगाला जकातीचे संरक्षण मिळाले आणि खाजगी कारखाने भराभर उभे राहिले: रावळगाव, वालचंदनगर, टिळकनगर, माळीनगर, हरेगावची बेलापूर कंपनी तर त्याआधीचीच. यांतले माळीनगर वेगळे. सासवडकडच्या माळी बागाईतदारांनी एकत्र येऊन काढलेली ती कंपनी होती. बाकीच्यांनी मुख्यतः शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेऊन स्वतःचे मळे उभे केले. कमाल जमीनधारणेच्या कायद्यानंतर हे मळे सरकारकडे आले आणि त्यासाठी १९६३मध्ये राज्य शेती महामंडळ निघाले. तो एका स्वतंत्र धाग्याचा विषय आहे.

१४/
कंपन्यांना मळे का हवे होते, हे समजले की पुढची गोष्ट उलगडते. गुळाची ढेप महिनोन् महिने टिकते. तोडलेला ऊस टिकत नाही. एक-दोन दिवसांत गाळला नाही तर उतारा घसरत जातो. कारखान्याला हंगामभर रोज ठराविक ऊस लागतो, कमी नको आणि जास्तही नको. शेकडो स्वतंत्र शेतकऱ्यांकडून हे वेळापत्रक पाळून घेणे अवघड. त्यापेक्षा जमीनच ताब्यात घेणे सोपे. कालव्याकाठच्या बागाईतदारापुढे म्हणून दोनच वाटा उरल्या: गूळ करून अडत्याकडे जाणे, किंवा जमीन कंपनीला देऊन स्वस्थ बसणे.

१५/
गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या आर्थिक परिणामांचा अभ्यास गाडगीळांनी याच भागात केला. तो १९४८ साली प्रसिद्ध झाला. कालव्याचा हिशेब तोवर सरळ असे: बांधायला खर्च किती, पाणीपट्टी किती, व्याज सुटते की नाही. गाडगीळांनी प्रत्यक्ष लाभांबरोबर अप्रत्यक्ष लाभही मोजायला घेतले. पाण्यामुळे मजुरीचे दिवस किती वाढले, बाजारपेठेत उलाढाल किती वाढली, वाहतूक किती वाढली, सरकारला इतर करांतून काय मिळाले.

१६/
आज ही पद्धत कोणालाही साधी वाटेल. तेव्हा तिचा अर्थ फार मोठा होता. कालवा केवळ शेताला पाणी देत नाही, तो एका प्रदेशातील माणसांचे परस्परसंबंध बदलतो, आणि हे संबंध मोजता येतात, असे त्या पुस्तकाचे म्हणणे. प्रादेशिक विकास हा शब्द आपल्याकडे रूढ होण्यापूर्वीचे हे काम आहे, आणि त्या शब्दाखाली आज जे काही लिहिले जाते त्यातल्या बऱ्याच भागापेक्षा ते सखोल आहे.

१७/
दुसऱ्या टोकाला लोणी. विठ्ठलरावांचे शाळेतील शिक्षण जेमतेम. १९२३ साली त्यांनी गावात सहकारी पतपेढी सुरू केली. तिथपासून कारखान्यापर्यंतच्या पंचवीस-सत्तावीस वर्षांकडे आपण घाईघाईने पाहतो. त्या काळात गावोगावच्या लोकांना एक गोष्ट कळत होती: कोण कर्ज वेळेवर फेडतो, कोणाच्या शब्दावर दहा घरे शेअर घेतील, कोणत्या दोन भावक्या एका बैठकीत बसणार नाहीत. ही माहिती कोणत्याही अहवालात नसते. व्यापारी घराण्यांकडे ती पिढ्यानपिढ्या होती. प्रवरेच्या काठी ती पतपेढीच्या सभांतून गोळा झाली.

१८/
१९४५ साली बेलापूर रोडला, म्हणजे आजच्या श्रीरामपूरला, दख्खनच्या कालव्यांवरील बागाईतदारांची परिषद भरली. अध्यक्ष गाडगीळ. शेतकऱ्यांनी स्वतःचा सहकारी कारखाना काढावा, ही कल्पना तिथून पुढे सरकली. त्याच सुमारास शेतीच्या कर्जपुरवठ्यावरील सरकारी उपसमितीचेही ते अध्यक्ष होते, आणि त्या उपसमितीने सहकारी संस्था दुबळ्या असतील तिथे सरकारी पतमहामंडळे काढावीत असे सुचवले होते. हा तपशील मुद्दाम देतो आहे. गाडगीळ सहकाराचे भाबडे भक्त नव्हते. लोणीच्या परिसरात सहकार चालेल, असे त्यांना वाटले असेल तर तो भाग त्यांनी पाहिलेला होता म्हणून.

१९/
तिसरे टोक मुंबईत. वैकुंठभाई मेहता प्रांतिक सहकारी बँकेचा कारभार वर्षानुवर्षे सांभाळून १९४६ साली बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळात अर्थ व सहकार खात्यांचे मंत्री झाले होते. शेतकऱ्यांचे भागभांडवल, बँकेचे कर्ज, सरकारचा आधार आणि पुण्याच्या अर्थशास्त्रज्ञाचे नाव, एवढे सगळे जुळल्यावर १९५०-५१च्या हंगामात कारखाना सुरू झाला.

२०/
या कथेची आपल्याकडे दोन रूपे प्रचलित आहेत. एक चरित्रात्मक: एका ध्येयवेड्या पाटलाने पायपीट करून कारखाना उभारला. दुसरे उपहासात्मक: इथूनच साखरसम्राटांची पैदास सुरू झाली. दोन्ही रूपांत एखादा माणूस असतो, भला वा बुरा. मधले दोरे दोघांनाही दिसत नाहीत. माझ्या मते प्रवरेला जे घडले ते असे: पैसा, माहिती आणि विश्वास यांचे जे जाळे शेतकऱ्याला बांधून होते, त्याच्या जागी दुसरे जाळे विणले गेले, आणि या दुसऱ्याचे धागे त्याच्याच हातात आले.

२१/
यंत्रणा कशी चालते पाहा. सोसायटीने सभासदाला पीककर्ज द्यायचे. त्याने ऊस कारखान्याला घालायचा. बिलातून कर्ज कापून सोसायटीकडे वळते व्हायचे, उरलेली रक्कम त्याच्या हाती. अडत्याची उचलही अशीच मालातून वसूल होई. रीत तीच, कागद बदलला, आणि भाव रुमालाखालून बाहेर आला. सभासद संचालकांना मत देऊ शकत होता, वार्षिक सभेत उभा राहून वजनकाट्याबद्दल विचारू शकत होता. अडत्याच्या दुकानी वार्षिक सभा भरत नसे.

२२/
अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीची निरीक्षणेही इथे आठवतात. ७५ जिल्हे, ६०० गावे, सव्वा लाखाहून अधिक कुटुंबे. गोरवाला समितीचा हा अहवाल १९५४चा. गाडगीळ तिचे सदस्य. शेतकऱ्यांच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा निघाला ३.१ टक्के, आणि सावकारांचा, धंदेवाईक व शेतकरी-सावकार मिळून, जवळजवळ ७० टक्के. पन्नास वर्षांच्या सहकारी चळवळीचा हा ताळेबंद! उपाय म्हणून समितीने पतपुरवठा, विक्री आणि प्रक्रिया यांची सांगड घालण्यास आणि सरकारने भागीदार होण्यास सांगितले. प्रवरेला त्याचा नमुना चालू होता.

२३/
पुढचा विस्तार सर्वांना ठाऊक आहे. परवान्यांत सहकारी कारखान्यांना झुकते माप मिळाले. रत्नाप्पाण्णा कुंभार, तात्यासाहेब कोरे, शंकरराव मोहिते पाटील अशी माणसे आपापल्या भागात पुढे आली. कारखान्याभोवती दूधसंघ, बँका, शाळा, महाविद्यालये, दवाखाने. ज्या सोयरीकीवर पूर्वी हुंडी वटत नव्हती, तिच्यावर आता कारखान्याचे भागभांडवल उभे राहू लागले. विधानसभेच्या जागाही तिच्यावरच उभ्या राहिल्या, हे वेगळे सांगायला नको.

२४/
यातून केवळ बड्या बागाईतदारांचेच भले झाले, हा आक्षेप जुना आहे. समाजशास्त्रज्ञ बा. स. बाविस्कर यांनी कोपरगावच्या कारखान्यात, आणि डोनाल्ड अॅटवूड यांनी बारामतीकडच्या माळेगाव भागात वर्षानुवर्षे राहून तपास केला. चित्र गुंतागुंतीचे निघाले. कारखान्याला ऊस हवा असतो आणि पुढाऱ्याला मते; दोन्ही छोट्या सभासदांकडेही असल्यामुळे त्यांना सरसकट डावलणे परवडत नाही. सहकाराने लहान शेतकऱ्याला गिळले, हे विधान म्हणून टिकत नाही. ते अभ्यासक क्षेत्रात उतरले म्हणून आपल्याला हे कळले.

२५/
मात्र हे सारे सभासदांपुरते. शेअर ज्याच्या नावावर त्याला भाव, मत, कर्ज, मुलाला महाविद्यालय. वर्तुळ तिथे संपते. आणि ऊस तर वर्तुळाबाहेरची माणसे तोडतात.

२६/
मुख्यतः बीड, आणि तसेच नगर, जालना, नाशिक वगैरे जिल्ह्यांच्या कोरडवाहू व डोंगराळ भागांतून टोळ्या येतात. टोळी जमवतो मुकादम. कारखाना किंवा वाहतूकदार मुकादमाला उचल देतो. मुकादम ती जोडप्यांत वाटतो. हिशेबाचे एकक ‘कोयता’, म्हणजे नवरा-बायको मिळून एक. सहा महिने फडाजवळ कोपीत राहायचे, पहाटेपासून तोडायचे, मोळ्या बांधून गाडीत भरायच्या, आणि तोडलेल्या टनांतून उचल फेडायची. फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर. म्हणजे पुढच्या वर्षी कोणाकडे जायचे, ते आधीच ठरलेले.

२७/
बाराव्या भागातला गुळाचा अडत्या आठवा. आगाऊ पैसा, त्याच्या मोबदल्यात बांधलेला माल, हिशेबाची वही एकाच्याच हाती, भाव दुसऱ्याला न दिसणारा. तिथे बांधला जाई तो गूळ. इथे बांधले जातात ते माणसाचे सहा महिने. जे जाळे मोडण्यासाठी शेतकऱ्यांनी कारखाने काढले, ते त्यांच्याच फडाच्या बांधावर पुन्हा उभे आहे. मुकादम हा खलपुरुष असतोच असे नाही. पुष्कळदा तोही त्याच गावचा, त्याच भावकीतला, स्वतः उचलीत अडकलेला असतो. टोळी पळाली तर तो बुडतो. इथेही नाते हेच तारण आहे.

२८/
कारखान्यांचे उत्तर ठरलेले असते: मजूर आमचे नाहीत, करार मुकादमाशी आहे. कायद्याच्या भाषेत ते चालून जाईल. पण ज्या चळवळीने ‘मधला माणूस नको’ म्हणून जन्म घेतला, तिने स्वतःच्या मजुरीसाठी मधला माणूस सात दशके सांभाळला, याची तिने स्वतःहून कधी चौकशी करावी की नाही? खाजगी कारखान्याकडून ही अपेक्षा मी करणार नाही. आणि आता राज्यातील जवळजवळ निम्मे कारखाने खाजगी आहेत.

२९/
या माणसांची गणती कशी झाली तेही पाहण्यासारखे आहे. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांमध्ये गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण मोठे असल्याच्या बातम्या आल्या. आरडाओरड झाली, सरकारने समिती नेमली, आरोग्य कर्मचाऱ्यांनी घरोघर पाहणी केली. ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. कामाचा दिवस बुडू नये, खाडा पडला तर मुकादम दंड कापतो, म्हणून अनेकींनी हा मार्ग पत्करला, असे तेव्हा पुढे आले. इतकी वर्षे हा उद्योग चालला आणि एवढी साधी मोजदाद व्हायला वर्तमानपत्रांतली बोंब लागली.

३०/
प्रादेशिक विकासाची जी मोजमापे आपण वापरतो, त्यांतही ही बाब सापडत नाही. राज्यांना केंद्राची मदत वाटण्याचे जे सूत्र १९६९ साली ठरले ते गाडगीळांच्याच नावाने ओळखले जाते. त्यात ६० टक्के भार लोकसंख्येला होता. पुढे महाराष्ट्रातील असमतोलावर वि. म. दांडेकरांच्या समितीने १९८४ साली अहवाल दिला. तेही गोखले संस्थेचे, गाडगीळांनंतरचे संचालक. रस्ते, सिंचन, शाळा, वीज यांतील तूट जिल्हावार काढून त्यांनी अनुशेष ठरवला, सुमारे ३,१८६ कोटी रुपयांचा. ‘अनुशेष’ हा शब्द त्या अहवालाने राजकारणाच्या तोंडी बसवला.

३१/
दांडेकरांचे काम मोठे, त्याबद्दल वाद नाही. पण अनुशेषाच्या तक्त्यात प्रत्येक जिल्हा आपापल्या ओळीत एकटा उभा असतो. बीडच्या ओळीत बीडची तूट, कोल्हापूरच्या ओळीत कोल्हापूरची सुबत्ता. कोल्हापूरचा हंगाम बीडच्या माणसांवर चालतो, आणि बीडमधली दिवाळीनंतरची ओस गावे हा कोल्हापूरच्या सुबत्तेचा खर्च आहे, हे दाखवायला तक्त्यात रकाना नाही. १९४८च्या कालवा-अभ्यासात गाडगीळांनी ‘अप्रत्यक्ष’ म्हणून जे मोजले होते, त्याचीच ही उलटी बाजू.

३२/
गाडगीळांना या उणिवेतून मोकळे करण्याचा माझा हेतू नाही. सभासदत्वाची चौकट आखली गेली ती त्यांच्याच अध्यक्षतेखाली. शेतकरी म्हणजे गाव, ही त्या पिढीतील अनेकांची समजूत होती, आणि भूमिहीन माणूस त्या समजुतीच्या कडेला राहिला. परंतु त्यांनी दाखवलेली रीत त्यांच्या चौकटीपेक्षा मोठी होती. फळबाजारात त्यांनी विचारलेले प्रश्न आज उसाच्या फडात जसेच्या तसे विचारता येतात.

३३/
आधी पैसे कोणी दिले? किती, कोणत्या महिन्यात, व्याज धरले की नाही? कारखान्याने तोडणीचा जो दर दिला त्यातले मुकादमाचे कमिशन वजा जाता कोयत्याला किती पोचले? वजन कोणी पाहिले? एकाच गावातल्या टोळ्या कोणकोणत्या कारखान्यांकडे जातात, आणि ती वाट पहिल्यांदा कोणी घातली, मामाने की शेजाऱ्याने? एक तालुका, वीस गावे, दोन हंगाम. वाई तालुक्याच्या पाहणीला जितके कष्ट पडले असतील त्यापेक्षा हे फार नाही, आणि आज हाताशी फोन आहेत.

३४/
घाई करण्याचे आणखी एक कारण आहे. ऊसतोडणी यंत्रे वाढत आहेत. त्यांना अनुदान आहे. येत्या काही वर्षांत कोयत्यांची गरज कमी झाली, तर टोळ्यांचे हे जाळे मोजले जाण्यापूर्वीच विरून जाईल, आणि त्यावर जगणाऱ्या लाखो माणसांनी पुढे कोणाशी व्यवहार करायचा, याबद्दल धोरण ठरवणाऱ्यांच्या हाती काहीच माहिती नसेल. यंत्रे वाईट असे मी म्हणत नाही. कोयता हातातून सुटणे चांगलेच. पण तो सुटताना अंगावरची बाकी कोण माफ करणार, हे आज कोणी विचारत नाही.

३५/
राज्यात विद्यापीठे आहेत, कृषी विद्यापीठे आहेत, पुण्याजवळ मांजरीला उसावर संशोधन करणारी नामांकित संस्था आहे. तिथे वाणांवर, उताऱ्यावर उत्तम काम होते. समाजशास्त्राचे आणि अर्थशास्त्राचे विद्यार्थी दरवर्षी प्रबंधांसाठी विषय शोधत असतात. त्यांच्या मार्गदर्शकांना एक व्यावहारिक गोष्ट सांगून थांबतो. गळीत हंगाम दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास सुरू होतो, पण उचली त्याच्या कितीतरी आधी, पावसाळ्यातच वाटल्या जातात. फडावर जाऊन विचारले तर माणूस दमलेला असतो आणि मुकादम शेजारी उभा असतो. पाहणी करायची असेल तर ती गावात, जून-जुलैमध्ये सुरू करावी लागेल.